मैदानावरील रोजा

उपवास म्हणजे केवळ अन्नत्याग नव्हे, तो मनाचा निग्रह होय, हे एकादशी-चतुर्थीचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. पारण्याच्या घटकेचे मोलही ते जाणतात. म्हणूनच परदेशातील फुटबॉलच्या मैदानावरील एका लहानशा घटनेकडे आम्ही त्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

२६ एप्रिल २०२१ रोजी, रमजानच्या महिन्यात, इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी व क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू होता. सुमारे अर्धा तास खेळ झाल्यावर पॅलेसचा गोलरक्षक व्हिसेंते ग्वाइता याने गोलकिक घेण्यास हेतुपुरस्सर विलंब केला. तेवढ्या अवधीत लेस्टरचा वेस्ली फोफाना व पॅलेसचा शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. उभय संघांनी हे आधीच ठरविले होते. एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्ग-माइन्झ सामन्यात पंच माथियास योलेनबेक यांनी मूसा नियाखाते याच्यासाठी असाच खेळ थांबविला. २०२३ मध्ये तर इंग्लंडच्या पंचांना अशा विरामाची रीतसर सूचनाच मिळाली.

फ्रान्सने मात्र त्याच वर्षी उलट मार्ग धरला. रोजा सोडण्यासाठी सामना थांबवू नये, असे तेथील महासंघाने पंचांस बजावले. २०२४ मध्ये राष्ट्रीय शिबिरांत रोजे धरण्यासही मज्जाव झाला, आणि १९ वर्षांखालील संघातील एका खेळाडूने शिबिरच सोडले.

मैदानावर सर्व खेळाडू समान असावेत, तेथे धर्म आणू नये, हा फ्रेंचांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. एकास सवलत दिली की दुसराही मागणार, ही भीतीही समजण्याजोगी आहे. परंतु २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात कडक उन्हामुळे पाणी पिण्यासाठी खेळ थांबविण्यात आला, तेव्हा समतेस बाध आला असे कोणी म्हटले नाही. उन्हासाठी जो विराम चालतो, तो सूर्यास्तासाठी का चालू नये? चेंडू थांबलेला असता घेतलेल्या विरामाने कोणत्याही संघाचा लाभ होत नाही. गेलेला वेळ पंच अखेरीस भरून देतात.

सर्वांना एकच वागणूक देणे म्हणजे समता, असे आम्ही मानीत नाही. कोणासही आपला खेळ व आपले व्रत यांतून एकाची निवड करावी न लागणे, ही खरी समता होय. दुसऱ्याच्या व्रताचा मान राखल्याने आपले व्रत उणे होत नाही. उलट त्याचे तेज वाढते. प्रतिस्पर्ध्याच्याही पारण्यासाठी क्षणभर थांबलेल्या त्या गोलरक्षकाने हेच दाखवून दिले.