गटात नाव, पण शिक्षणात वाटा कुठे?

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणाऱ्या कामगाराने पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक हाती धरले, तर आम्ही त्याचे स्वागतच करू. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, 2017 साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले. कॉलेज सुटलेल्यांसाठी दुसरे दार उघडले. परंतु दार उघडले म्हणजे पंक्तीत पान मांडले असे नव्हे!

ऑनलाइन अभ्यासक्रमांत गटकार्य दिले जाते. पाच जणांनी मिळून प्रकल्प करायचा, गुण सर्वांना सारखे. कागदावर ही समताच! प्रत्यक्षात काय घडते? बैठक रात्री आठला ठरते, तेव्हा आमचा माणूस कामावर असतो. एकाकडे लॅपटॉप, दुसऱ्याच्या घरात चौघांत एक मोबाईल. अहिराणी बोलणारा प्रमाण मराठीपुढे बिचकतो. आडनाव कळताच कुणाचा सूरही बदलतो. मग लिहिणारा एक, मिरवणारा दुसरा आणि यादीत नाव असून काहीच न शिकलेला तिसरा. त्याला आळशी ठरवून सगळे मोकळे होतात.

म्हणून गटकार्यच नको, असे आम्ही म्हणणार नाही. 1855 साली जोतिराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. 1946 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरदारांसाठी वर्ग सकाळी भरवले. शिकणाऱ्याचे घड्याळ पाहून शाळेची घंटा वाजवायची, हा आपला वारसा आहे.

तोच न्याय येथे हवा. सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याची सक्ती नको. गट लहान असावा. टिपण, लेखन, सादरीकरण ही कामे आळीपाळीने फिरावीत. काही गुण ज्याच्या त्याच्या कामाला वेगळे द्यावेत आणि भेदभाव झाल्यास दाद मागण्याची सोय असावी.

आणि आपली जबाबदारी? वंदना झाली की विहाराला कुलूप, हे किती दिवस चालणार? आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे एक संगणक, एक पदवीधर आणि चार प्रौढ विद्यार्थी बसले, तरी पडद्यावरचा गट खरा गट होईल. जो शिकून पुढे गेला, त्याने मागच्याला हात देणे हे उपकार नव्हेत, ती ऋणफेड आहे.

दरवर्षी 31 जुलैला आपण बाबासाहेबांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. यंदा तेथे जाण्यापूर्वी गावातल्या एका तरी अर्धवट शिकलेल्या माणसाला अभ्यासाला बसवून या. तेच खरे अभिवादन!