फुंकू नका, नुसती बोटे हलवा

आठवीत असताना मी शाळेच्या बँडपथकात बासरी वाजवत असे. ‘वाजवत असे’ हे क्रियापद सवयीने लिहिले गेले. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. आंतरशालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा चौघांना बाजूला घेतले आणि सांगितले, “तुम्ही फुंकू नका, नुसती बोटे हलवा.” पथकातली संख्या भरायला हवी होती आणि आमचे सूर हलत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही इमानेइतबारे बोटे हलवली. शाळेला पहिले बक्षीस मिळाले. त्याचे प्रमाणपत्र अजून माझ्यापाशी आहे. त्यावर ‘उत्कृष्ट वादनाबद्दल’ असे छापलेले आहे.

त्या सरांवर आज राग नाही. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. बँड त्यांच्या गळ्यात पडला होता. राग आहे तो त्यामागच्या समजुतीवर, आणि ती समजूत अजून शाबूत आहे. आपल्या बहुतेक शाळांत बँड हा संगीताचा भाग मानलाच जात नाही. तो समारंभाचा भाग असतो. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, स्नेहसंमेलन आणि प्रमुख पाहुण्यांचे आगमन. पाहुणे उशिरा येतात, मुले उन्हात उभी राहतात, गाडी फाटकातून आत शिरताच ढोलावर टिपरू पडते. तीन वर्षांत आम्ही सहा चाली शिकलो; त्यांतल्या एकीचेही स्वर आम्हाला नावाने ठाऊक नव्हते. पावले मात्र बिनचूक पडत.

अशा पथकातल्या मुलांना ‘प्रेरणा’ कशी द्यावी, असा प्रश्न मग शिक्षकांच्या बैठकीत निघतो. उत्तरेही ठरलेली असतात: ढाल, पदक, प्रमाणपत्र, गणवेशावरची सोनेरी झालर. अलीकडे दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांसाठी वाढीव गुणांचीही सोय झाली आहे. कलेला गुणपत्रिकेत जागा मिळाली, हे वाईट नाही. परंतु गुणांनी हजेरी विकत घेता येते, कान विकत घेता येत नाही. ज्या मुलाला आपण वाजवले नाही तरी चालते हे कळले आहे, त्याला कोणतेही पदक वादक करू शकणार नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या परंपरेत याला उत्तर नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. 1918 च्या सुमारास मैहर संस्थानात बाबा अलाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगाने पोरकी झालेली मुले गोळा केली आणि त्यांचे वाद्यवृंद-पथक उभे केले. सतार, सरोद, व्हायोलिन, हार्मोनियम आणि बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेला नलतरंग. त्या मुलांपुढे कोणती ढाल होती? त्यांच्या हाती रागसंगीत दिले गेले, पाहुण्यांच्या स्वागतापुरते चार ठोके नव्हेत. बाबांचा कोप प्रसिद्ध आहे आणि त्याचे समर्थन करण्याची मला इच्छा नाही. पण ‘तू वाजवू नकोस’ हा हिशेब त्या पथकाच्या मुळाशी नव्हता. गोव्यातही चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुले स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकत. त्या परंपरेतल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद पेलला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांना पहिले धडे देणारे वडील चर्चमधल्या गायकवृंदाचेच शिक्षक होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: आमच्याकडे पैसा कुठे, माणूस कुठे? वाद्ये तर कपाटात आहेतच. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. माणसाचे म्हणाल, तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. तेव्हा उणीव तरतुदीची नाही. बँडला शिकवावे लागते, हे आपल्याला पटलेलेच नाही.

शिकवणे म्हणजे तरी काय? चाल वाद्यावर येण्याआधी ती गळ्यातून म्हणवून घेणे. लय निम्मी करून वाजवणे. सर्वांना एकच स्वर लांबवायला लावून शेजाऱ्याच्या स्वराशी आपला स्वर मिळतो का, हे ऐकायला लावणे. ज्याला सात स्वर झेपत नाहीत त्याच्यासाठी तीन स्वरांची ओळ लिहिणे. पण ती अशी लिहावी की तो थांबला तर सर्वांना खटकेल. मोठ्या ढोलावरचा मुलगा दोनच ठोके देतो, पण ते चुकले तर सगळे पथक अडखळते. म्हणून तो सहसा गैरहजर राहत नाही. प्रेरणा म्हणतात ती हीच. आपल्यावाचून अडते, हे मुलाला कळले पाहिजे.

आपण साहित्याच्या मंडळींनी या बँडच्या मास्तरांना हसू नये. मार्गदर्शकातले उतारे उत्तरपत्रिकेत उतरवणारा आपला विद्यार्थी कविता वाचत नसतो. तो बोटेच हलवत असतो, आणि निकालाच्या टक्केवारीसाठी आपणच त्याला ते शिकवलेले असते.

मागणी साधी आहे. येत्या 26 जानेवारीला पाहुणे निघून गेल्यावर बँडने एक चाल केवळ शाळेतल्या मुलांसाठी वाजवावी, आणि पथकातल्या प्रत्येकाने फुंकावे. सूर हलला तर हलू द्यावा. दुसऱ्या दिवशी तालीम तिथूनच सुरू करता येते.