मगरींचं ‘स्थलांतर’

‘स्थलांतर’ हा शब्द रोहित पक्ष्यांना शोभतो. ते आपल्या पंखांनी येतात, आपल्या पंखांनी जातात. पिंजऱ्यात धरून पिकअपमध्ये चढवलेल्या मगरीचं ‘स्थलांतर’ झालं असं म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

केवडियाचं उदाहरण घ्या. सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळच्या पंचमुली तलावात सी-प्लेन उतरवायचं ठरलं आणि जानेवारी २०१९मध्ये तिथल्या मगरी हलवायला सुरुवात झाली. पाठोपाठ पर्यटकांच्या सुरक्षिततेचंही कारण आलं. ही मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तरीही दोन वर्षांत १९४ मगरी बाहेर काढल्या. काही सरदार सरोवरात सोडल्या, काही गोध्रा आणि गांधीनगरच्या बचाव केंद्रांत गेल्या. सी-प्लेन ३१ ऑक्टोबर २०२०ला सुरू झालं आणि एप्रिल २०२१मध्ये बंद पडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एका सर्व्हरवरचा डेटा दुसरीकडे हलवताना आम्ही आधी विचारतो: तिथे तो चालेल का? त्याच्यावर काय काय अवलंबून आहे? बिघडलं तर परत कसा आणायचा? हलवल्यावरही काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघतो. मगरींच्या बातमीत मात्र ठळक असतो तो पकडलेल्यांचा आकडा. वर्षभराने किती जगल्या, यश त्यावर मोजायला हवं.

मगर काठात बीळ खणते, अंड्यांसाठी काठावरची जागा निवडते, आपली हद्द राखते. नव्या पाण्यात आधीच्या मगरी असतील, तर त्यांच्याशी झुंज आलीच. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या, तर त्या परत आल्या. एक तर चारशे किलोमीटरहून जास्त पोहून. २००७मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली मगर वेगळ्या जातीची, पण ‘पाणी ते पाणीच’ हा हिशेब तिच्याही बाबतीत गृहीत धरता येत नाही.

‘मग माणसं मरू द्यायची का?’ नाही. गावात शिरलेली मगर धरावीच लागते. इथे मगर माणसाच्या दारात आली नव्हती, विमान तिच्या दारात आलं होतं.

नर्मदाकाठी ‘पुनर्वसन’ या शब्दाचं काय झालं, ते नंदुरबारच्या धरणग्रस्तांना विचारा. ते निदान मोर्चे काढू शकले. मगरीच्या वतीने एवढं तरी मागू या: जागा ठरवण्याआधी तिथे कोण राहतं ते मोजा, आणि हलवलंच तर पुढच्या पाच वर्षांचा हिशेब जाहीर करा. तोवर त्याला हकालपट्टीच म्हणा.