रस्ता गावाचा, मुक्काम कोणाचा?

ग्रामीण महाराष्ट्रात वाहने वाढली. गावातले रस्ते मात्र बहुतेक ठिकाणी बैलगाडीच्या काळातल्याच रुंदीचे राहिले. बाजाराच्या दिवशी दुतर्फा लागलेल्या गाड्यांमुळे एस.टी. फाट्यावरूनच परत फिरते. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर ट्रॉल्या रात्रभर उभ्या असतात आणि परावर्तक नसलेल्या ट्रॉलीवर आदळून दुचाकीस्वार प्राणास मुकतो. हा केवळ शिस्तीचा प्रश्न नव्हे. रस्ता ही समाजाची मालमत्ता आहे. तिचा एक भाग कोणी फुकट अडवून ठेवला की त्याच्या सोयीची किंमत इतरांना मोजावी लागते.

याबाबत कायदा मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ अन्वये सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले, किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलविण्यास गणवेशातील पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. सोडून दिलेले वा मोडके वाहन रहदारीस धोका ठरत असेल तर ते तात्काळ हलविता येते. खर्च मालकाचा. परंतु त्याआधीचे पाऊल कलम ११७ मध्ये आहे : वाहने कोठे व किती वेळ उभी राहावीत, हे राज्य शासनाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावयाचे असते. शहरांत हे होते, खेड्यांत क्वचितच. मनाईची जागाच जाहीर नसेल, तर मनाई मोडल्याचा ठपका ठेवावयाचा कोणावर?

दंडाचे गणितही पाहण्याजोगे आहे. कलम २०१ मध्ये रस्ता अडविणाऱ्या नादुरुस्त वाहनास पूर्वी ताशी ५० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने 'नादुरुस्त' ही अट गेली, हे योग्यच झाले. पण ताशी आकारणीच्या जागी ५०० रुपयांची कमाल मर्यादा आली. म्हणजे जुन्या दराच्या दहा तासांइतकी रक्कम भरली, की अकराव्या तासाला वेगळी किंमत उरली नाही. जितका अधिक वेळ अडवणूक, तितका अधिक भार, हे साधे तत्त्व त्यातून निसटले.

आणि कारवाई झालीच तर ती बहुधा वडापच्या जीपवर आणि फळांच्या हातगाडीवर होते. वाळूच्या डंपरला हात लावण्याचे धैर्य सहसा होत नाही. ऊसवाहतूकदाराला तरी दोष किती द्यावा? कारखान्याच्या आवारात जागा अपुरी पडते म्हणून रांग रस्त्यावर येते. कारखान्याचा खर्च असा निमूटपणे सार्वजनिक रस्त्याच्या खाती पडतो.

यावर उपाय अवघड नाही. ग्रामसभेने एस.टी.चा थांबा, दवाखाना, शाळा व बाजारपेठ येथील जागा आणि वेळेच्या मर्यादा ठरावाने सुचवाव्यात. जिल्हा प्रशासनाने त्या कलम ११७ खाली अधिसूचित करवून फलक लावावेत. बाजाराच्या दिवसासाठी गावाबाहेर मोकळी जागा द्यावी, म्हणजे माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यावर भुर्दंड पडणार नाही. गाळप हंगामापूर्वी प्रत्येक कारखान्याकडून वाहनतळाची हमी घ्यावी. तालुक्यासाठी एक क्रेन ठेवून तिचे दर पंचायतीच्या फलकावर लिहावेत. एवढे केल्यावर वाहन उचलावे, आणि आरंभ सर्वांत मोठ्या वाहनापासून करावा. जागा न देता दंड आकारणे ही नुसती वसुली होय. तिला वाहतुकीचे नियमन म्हणता येणार नाही.