कीर्तीचा सातबारा कोणाच्या नावे?

एखाद्या खेळाडूने मोठा पराक्रम केला, की तो कोणत्या गावाचा, हा वाद चार दिवसांत सुरू होतो. मुंबईचे नाव गावसकरांनी अधिक गाजविले की तेंडुलकरांनी, पुण्याने प्रा. देवधरांकडे बोट दाखवावे की आणखी कोणाकडे, कोल्हापूरची ओळख कोणत्या मल्लाने सांगावी, हे प्रश्न शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतील मधल्या सुट्टीत आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात सारख्याच हिरिरीने लढविले जातात. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी मात्र या वादाला थोडी कडवट चव येते. मुंबईकराला आपल्या अनेक थोरांतून एक निवडावयाचा असतो. भोकरकराला आपले म्हणावे असे नाव शोधत तालुक्याबाहेर, प्रसंगी जिल्ह्याबाहेर जावे लागते.

शोध घेतला तर नावे सापडत नाहीत असे नाही. नांदेड जिल्ह्यातीलच मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्‌घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासह भारताचा ध्वज वाहिला. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. बीड जिल्ह्यातील मांडवा येथील शेतकरी कुटुंबातल्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकले. १९९८ ते २०१८ पर्यंतच्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची सगळी पदके केनियाकडे गेली होती. ती मालिका मराठवाड्याच्या मुलाने खंडित केली. ही माणसे आमची, असे म्हणताना कोणाची छाती फुगली तर त्यात नवल नाही. पण ती कोणत्या अर्थाने आमची, हे एकदा हिशेब मांडून पाहिले पाहिजे.

खेळाडूवर तीन प्रकारचे हक्क सांगता येतात. पहिला जन्माचा, दुसरा घडणीचा आणि तिसरा पोटापाण्याच्या आधाराचा. हे तिन्ही हक्क एकाच गावाकडे असणे हे मोठ्या शहराचे भाग्य होय. तेंडुलकर मुंबईत जन्मले, शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झाले आणि रणजी करंडकासाठी मुंबईकडूनच खेळले. तेथे वाद उरतो तो केवळ श्रेष्ठकनिष्ठतेचा. इतरत्र मात्र हे हक्क निरनिराळ्या गावी विखुरलेले आढळतात.

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांचेच उदाहरण घ्यावे. जन्म कराडजवळच्या गोळेश्वरचा, शालेय शिक्षण कराडला, महाविद्यालय कोल्हापूरचे. १९४८ साली ते लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा कमी पडला, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. मग खाशाबा कराडचे की कोल्हापूरचे? जन्माच्या दाखल्यावर कराडचा हक्क निर्विवाद आहे. परंतु ज्याने घर गहाण ठेवले त्याच्या गावाचा हक्क दाखल्याहून हलका कसा मानावा?

कोल्हापूरने असा हक्क योगायोगाने मिळविलेला नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, तेथे खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले. तालमी चालल्या, वस्ताद पोसले गेले, खुराकाची तजवीज झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक होती आणि तिचे व्याज त्या शहराला आजही मिळत आहे. निलंगा तालुक्यातल्या बिराजदारांना पैलवान म्हणून घडण्यासाठी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतच जावे लागले. बेळगावात सतपाल यांना त्यांनी चीत केले ती कुस्ती जुने शौकीन अद्याप विसरलेले नाहीत. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी आपली विद्या दिली तीही पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. मराठवाड्याने पोर दिले, कोल्हापूरने पैलवान केला आणि पुण्याला वस्ताद मिळाला.

साबळे यांची कथा वेगळी नाही. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचे वाळवंट अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली आणि स्पर्धेच्या धावण्याकडे ते वळले ते सैन्यातच. त्यापूर्वी शाळा गाठण्यासाठी ते रोज काही किलोमीटर धावत-चालत होते; पण ते धावणे म्हणजे गुण आहे, हे ओळखणारी व्यवस्था भोवती नव्हती. बीडला जन्मलेले संजय बांगर भारताकडून कसोटी सामने खेळले, परंतु रणजी करंडकात ते उतरले रेल्वेच्या संघातून. सैन्य, रेल्वे, पोलीस हीच मराठवाड्याच्या खेळाडूची खरी आश्रयदाती नगरे ठरली आहेत.

हा सगळा व्यवहार मराठवाड्याच्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. कापूस येथे पिकतो, त्याची राखण येथे होते, पावसाचा धोका येथला माणूस पत्करतो. कापडावर शिक्का मात्र ज्या गावी गिरणी असते त्या गावचा बसतो. याबद्दल गिरणीला दोष देऊन भागत नाही. सरकी काढण्यापलीकडे आपण काय केले, हेही विचारावे लागते. खेळाडूच्या बाबतीत आपण पुष्कळदा तेवढेही करीत नाही आणि तो नाव मिळवून आला, की चौकात त्याच्या स्वागताचा फलक तेवढा लावतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. प्रत्येक तालुक्याला कृत्रिम धावपट्टी, तरणतलाव आणि परदेशी मार्गदर्शक देणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. उच्च प्रशिक्षण मोजक्या केंद्रांतच एकवटावे लागते, म्हणून गुणवान मुलाने शहराकडे जाणे स्वाभाविक होय. हे सर्व खरे आहे. परंतु उच्च प्रशिक्षणाचा टप्पा वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी येतो. त्याआधीची आठ-दहा वर्षे मूल आपल्याच गावात असते. त्या वर्षांत त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, तर पुढचे केंद्र कितीही सुसज्ज असले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो ते या उपेक्षेतून वाचलेले थोडे. न वाचलेल्यांची मोजदाद कोणत्याच वहीत नाही.

गुण हेरण्यासाठी मोठे शहर लागत नाही, याचा दाखला ज्या केनियाची मालिका साबळे यांनी खंडित केली त्याच देशात आहे. तेथील ईटेन हे डोंगरावरचे छोटे गाव. कॉम ओकॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू १९७६ साली तेथल्या सेंट पॅट्रिक शाळेत भूगोल शिकविण्यास आले. धावण्याच्या शास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ते मुलांना पाहत गेले, शिकत गेले आणि शिकवीत गेले. त्या शाळेचे विद्यार्थी पीटर रोनो १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटरमध्ये सुवर्णपदक विजेते ठरले. पुढे आठशे मीटरचा विश्वविक्रम करणारे डेव्हिड रुडिशा यांनाही ओकॉनेल यांनीच घडविले. रुडिशा जन्माने ईटेनचे नव्हेत, ते दूरच्या किलगोरिसचे. तरीही त्यांच्या कीर्तीत ईटेनचा वाटा कोणी नाकारीत नाही. ज्या गावाने घडविले, त्या गावाला हक्क सांगण्यासाठी फलक लावावा लागत नाही.

जन्माचा हक्क अगदीच पोकळ असतो, असा याचा अर्थ नव्हे. मुखेड तालुक्याच्या मुलीने जगापुढे देशाचा ध्वज धरला, हे समजल्यावर भोकरच्या एखाद्या मुलीच्या मनात जी उमेद जागते, ती कोणत्याही अनुदानाने विकत मिळणार नाही. परंतु उमेद हे भांडवल आहे आणि भांडवल पडून राहिले तर आटते. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी खेळण्यास सपाट मैदान हवे, पी.टी.च्या तासाला गणित न शिकविणारी शाळा हवी, नांदेडला स्पर्धेस जाण्याचे भाडे आणि सोबत येणारी एक जबाबदार व्यक्ती हवी. यांपैकी कोणतीही गोष्ट तालुक्याच्या आवाक्याबाहेरची नाही. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांना गर्दी करणारा आणि इनामाच्या रकमेला टाळ्या देणारा हा भाग आहे. इनाम जिंकलेल्याला मिळते. खुराक जिंकण्यापूर्वी लागतो, एवढाच फरक ध्यानात घ्यावयाचा आहे.

तेव्हा गावाचे नाव कोणत्या खेळाडूने अधिक उज्ज्वल केले, हा वाद खुशाल चालू द्यावा. त्यात गोडी आहे. मात्र त्याबरोबर उलटा प्रश्नही विचारला जावा, की त्या खेळाडूसाठी गावाने काय केले? शेतजमिनीच्या सातबारावर मालकाच्या नावाबरोबर पीकपाहणीचीही नोंद असते. कीर्तीच्या सातबारावर भोकरला आपले नाव हवे असेल, तर आधी तेथे पीक उभे दिसले पाहिजे. त्याची पेरणी उद्याच्या शाळेच्या मैदानावरच व्हावयाची आहे.