साहेब, कोणत्या कलमाखाली?
(जप्त वाहनांच्या मालकांसाठी जाहीर पत्रक)



पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला एकदा चक्कर मारा. एकावर एक रचलेल्या दुचाकी, टायर मातीत रुतलेल्या रिक्षा, एखाद्या टेंपोच्या बॉनेटमधून वर आलेला एरंड. यातली प्रत्येक गाडी कधीतरी कुणाच्या दारात हळदकुंकू लावून, नारळ फोडून उभी राहिली होती. ठाण्याचं फाटक ओलांडलं आणि तिचं नाव बदललं. आता तिला म्हणतात मुद्देमाल.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : गाडी ताब्यात घेणं ही शिक्षा नाही. शिक्षा द्यायची ती न्यायालयाने, गुन्हा शाबित झाल्यावर. इथे मात्र खटला उभा राहण्याआधीच गाडी पावसात कुजते, बॅटरी नि स्टेपनी ‘गायब’ होते, आणि मालक कर्जाचे हप्ते भरतच राहतो. ही शिक्षा ठोठावली कुणी?

आधी आपल्या पदरात काय आहे ते पाहू. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात स्कूटर आपणच देतो. लायसन ‘काढायचंच आहे’ म्हणत वर्षं घालवतो. सेकंडहँड गाडी घेतो आणि ती नावावर करायचा कंटाळा करतो. अशा वेळी पोलिसांनी गाडी अडवली तर ते त्यांचं कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या अंधारासाठी : गाडी का घेतली हे कुणी सांगत नाही, आणि ती परत कशी मिळते हे आपल्याला ठाऊक नसतं. याच अंधारावर कोर्टाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एजंटांचं पोट चालतं.

म्हणून पहिला प्रश्न एकच. साहेब, कोणत्या कलमाखाली?

मोटार वाहन कायदा 1988, कलम 207. लायसन नाही, वय भरत नाही, गाडीची नोंदणी नाही, परवाना नाही किंवा परवान्याच्या अटी मोडल्या, या कारणांसाठी गाडी अडकवून ठेवता येते. थकीत चलान या यादीत नाही. तेव्हा ‘चलान भरा, नाहीतर गाडी जमा’ असं कुणी म्हणालं, तर कलम विचारा. लायसन, वय किंवा परवान्याचा प्रश्न असेल, तर गाडीऐवजी फक्त आरसी ताब्यात घेऊन पोच देण्याची मुभाही याच कलमात आहे. गाडी सोडवायची तर कागदपत्रं घेऊन परिवहन विभागाकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. कागद तपासून तो गाडी सोडण्याचा आदेश देतो. यासाठी खटला संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

कलम 127. ही टोइंगवाली भानगड. गाडी मनाई असलेल्या जागी लावली असेल, वाहतुकीला धोका होत असेल, किंवा दहा तास वा अधिक बेवारस उभी असेल, तर उचलता येते, आणि उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो. मात्र त्यासाठी गणवेशातल्या पोलिसाचा आदेश लागतो. नुसत्या क्रेनवाल्या पोराच्या शिट्टीने भागत नाही. पैसे भरा, पावती घ्या, गाडी घेऊन या.

कलम 136, म्हणजे अपघात. अपघातातली गाडी तपासणीसाठी नेली, तर कुठे नेली हे मालकाला कळवायचं आणि सोपस्कार आटोपल्यावर 24 तासांत परत करायची, असं हे कलम सांगतं. हे वाक्य किती जणांनी ऐकलं आहे? विमा संपलेला असेल आणि कुणी जखमी किंवा मृत झालं असेल, तर मात्र भरपाईची हमी दिल्याशिवाय गाडी सुटणं कठीण. हजार-दोन हजार वाचवायला विमा चुकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि शेवटी गुन्ह्यातली जप्ती. चोरीची गाडी सापडली किंवा गाडी गुन्ह्यात वापरली, अशा वेळी पोलीस ती जप्त करून न्यायालयाला कळवतात. चोरीला गेलेली आपलीच मोटारसायकल परत घ्यायलाही कोर्टाची पायरी चढावी लागते, ती यामुळे. 1 जुलै 2024 पासून यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 497 आणि 503 लागू आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज द्यायचा. सोबत आरसी, विमा, लायसन, ओळखपत्र, एफआयआरची आणि जप्ती पंचनाम्याची प्रत जोडायची. न्यायालय तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं, कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. मग सुपूर्तनामा लिहून घेऊन गाडी मिळते. गाडी विकणार नाही, तिचं रूप बदलणार नाही, बोलावलं की हजर करीन, अशा त्याच्या अटी असतात. आणि गाडी मिळते ती साधारणपणे आरसीवर नाव असलेल्यालाच. नावावर न केलेली गाडी इथेच अडकते.

कुणी म्हणेल, पुरावा आहे, गाडी कशी सोडणार? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2002 रोजी ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या प्रकरणात देऊन ठेवलं आहे. त्या खटल्यात आरोपी होते पोलीसच, आणि आरोप होता ठाण्यातल्या मुद्देमालात अफरातफर केल्याचा. न्यायालय म्हणालं, जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र आणि हमी घ्या, गाडी सोडा. नव्या संहितेने तर मुदतही घातली : माल न्यायालयापुढे आल्यापासून 14 दिवसांत त्याचं वर्णन करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं, आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याची विल्हेवाट किंवा परतीचा आदेश द्यायचा. निकाल आहे, कायदा आहे. मग एरंड का वाढतो आहे?

आमच्या मागण्या :

1. गाडी ताब्यात घेताना जागेवरच मराठीत पावती द्या. तीत कलम, तारीख, किलोमीटरचा आकडा, बॅटरी, स्टेपनी, आरसे यांची नोंद हवी.

2. गाडी सोडवायला कुठे जायचं, कोणते कागद लागतात, किती शुल्क आहे, याचा ठळक फलक प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात लावा.

3. पडून असलेल्या गाड्यांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करा आणि मालकांना पत्राने कळवा.

4. कचेरीच्या दिरंगाईमुळे गाडी अडकली, तर त्या दिवसांचा भुर्दंड मालकावर लादू नका.

यातली एकही मागणी पोलिसांच्या विरोधात नाही. त्यांच्याही आवारात बसायला जागा उरलेली नाही.

आणि तुमच्यासाठी : गाडी ठाण्यात गेली की चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा. हुज्जत घालू नका, हात तर मुळीच लावू नका. चिरीमिरी देऊन सुटलेल्या गाडीचा कागद कुठेच राहत नाही, तेव्हा तो मार्ग धरू नका. आजच आरसी काढून नाव तपासा, विम्याची तारीख पाहा.

हे पत्रक वाचून झालं की घडी करून आरसीच्या पाकिटात ठेवा. त्याची वेळ येऊ नये. आलीच, तर आवाज न चढवता एवढंच म्हणा : ‘साहेब, कोणत्या कलमाखाली? आणि पावती द्या.’

आपल्यातलाच,
एक वाहनमालक