सुईचं भय नको, दुखणं लपवणं नको

साठी ओलांडलेला माणूस रात्री चार-चार वेळा लघवीला उठतो, धार अडखळते, पण घरात बोलत नाही. 'वय झालं, व्हायचंच' म्हणतो. बहुतेकांचं ते खरंही असतं. प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढते. ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण खरा कॅन्सर सुरुवातीला बहुधा गुपचूप असतो. कंबर धरली म्हणून दवाखाना गाठावा, तोवर तो हाडात उतरलेला असू शकतो.

रक्तातली पीएसए तपासणी फक्त संशय दाखवते. साध्या वाढीनं, जंतुसंसर्गानंही तो आकडा चढतो. खात्री होते ती तुकडा तपासूनच. सोनोग्राफीचा बोटाएवढा जाड दांडा गुदद्वारातून घालून पडद्यावर ग्रंथी बघतात आणि जागा बधिर करून बारीक सुईनं दहा-बारा तुकडे घेतात. इतके कशाला? माती परीक्षणाला आपण एकाच कोपऱ्यातली माती देतो का? तसंच हे. सोनोग्राफीत प्रत्येक गाठ दिसतेच असं नाही. म्हणून आता शक्य तिथे आधी एमआरआय काढतात. संशयाची जागा नेमकी कळते आणि काहींची सुई टळतेही. गुदद्वाराऐवजी त्याच्या पुढच्या कातडीतून सुई घातली, तर जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो.

'सुई लागली की कॅन्सर पसरतो' ही पारावरची गोष्ट सोडून द्या. या तपासणीत तसं होणं अत्यंत दुर्मिळ आहे. नंतर काही दिवस लघवीत थोडं रक्त दिसतं. मात्र थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आमचं म्हणणं एवढंच, की सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याला आली, पण या तपासणीसाठी अजून बऱ्याच जणांना मोठ्या शहराचा रस्ता धरावा लागतो. भाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी यातच माणूस मागं फिरतो. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मूत्ररोगतज्ज्ञ आणि ही सोय ठेवायला काय हरकत आहे? मोठी शिबिरं भरवून सरसकट सगळ्यांचं रक्त काढण्यापेक्षा, ज्याला गरज आहे त्याची पुढची वाट सोपी करा.

आणि पोरांनो, बापाला विचारायला लाजू नका. तो आपणहून सांगणार नाही.